आधी सापडले पाहिजे : सोलापूरच्या उमेदवारांच्या प्रोफाइलविषयी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जिल्ह्यात रोजगार मेळावा भरला की आपल्या दैनिकात त्याची सविस्तर बातमी येते. किती कंपन्या आल्या, किती मुलाखती झाल्या, किती जणांची प्राथमिक निवड झाली, हे सारे वाचायला मिळते. मेळावे हवेतच. परंतु पदवीधर आणि पदविकाधारकांच्या भरतीचा मोठा भाग आता मेळाव्याच्या मांडवात होत नाही. तो पुण्या-मुंबईतल्या किंवा बंगळुरूतल्या कार्यालयात संगणकासमोर बसलेल्या भरती अधिकाऱ्याच्या शोधातून होतो, आणि त्या शोधात सोलापूरची मुले-मुली फार क्वचित वर येतात. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या पुण्यातील एका कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे गेली आणि निवृत्तीनंतर मुक्काम पुन्हा सोलापुरात आहे. हा शोध टेबलाच्या पलीकडच्या बाजूने केलेला असल्यामुळे हा पत्रप्रपंच.

हा शोध मुख्यतः लिंक्डइन या नोकरी-व्यवसायातल्या ओळखींच्या संकेतस्थळावर होतो, जिथे उमेदवार आपल्या शिक्षणाचे आणि कामाचे पान, म्हणजे प्रोफाइल, तयार करतो. ते २००३ साली अमेरिकेत सुरू झाले आणि २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते २६.२ अब्ज डॉलरना विकत घेतले. एवढी किंमत कशाची, याचे उत्तर उमेदवाराला दिसणाऱ्या पानावर सापडत नाही. उमेदवार ते फुकट वापरतो. भरती करणारे मात्र मोठी वर्गणी भरतात आणि त्या बदल्यात त्यांना शोधाचे एक वेगळे साधन मिळते, ज्यात पदनाम, ठिकाण, कौशल्ये, अनुभवाची वर्षे, आधीच्या कंपन्या, शिक्षणसंस्था असे रकाने असतात. समजा, चाकणच्या कारखान्याला गुणवत्ता विभागासाठी माणूस हवा आहे. भरती अधिकारी पदनामात 'क्वालिटी इंजिनिअर' लिहितो, कौशल्यांत 'सीएमएम' (सुट्या भागांची मापे तपासणारे यंत्र) आणि 'पीपीएपी' (नव्या भागाला ग्राहकाची मंजुरी घेण्याची प्रक्रिया) टाकतो, अनुभव २ ते ५ वर्षे ठेवतो, ठिकाण पुणे निवडतो आणि समोर यादी येते. यादीत प्रत्येकाचे छायाचित्र, नाव, नावाखालची एक ओळ, सध्याचे काम आणि गाव एवढेच दिसते. त्यातली मोजकी पाने उघडली जातात. ज्याच्या पानावर हे शब्दच नाहीत त्याला कोणी नाकारलेले नसते. तो यादीत आलेलाच नसतो. अर्ज करूनही उत्तर येत नाही म्हणून खचलेल्या मुलांना हा फरक कोणीतरी समजावून सांगायला हवा.

आता आपल्याकडच्या उमेदवारांची पाने पाहू. ओळखीपाळखीतली बरीच मुले-मुली आपले पान दाखवायला येतात आणि त्यांतली निम्मी पाने एकमेकांची नक्कल वाटावीत अशी असतात. 'मेहनती', 'पॅशनेट', 'क्विक लर्नर', 'आव्हानात्मक संधीच्या शोधात' ही विशेषणे बहुतेक सर्वांकडे असतात. पदवी मिळून दोन वर्षे झाली तरी नावाखाली 'स्टुडंट' तसेच राहिलेले असते. भरती अधिकारी कधीही 'मेहनती' हा शब्द टाकून माणूस शोधत नाही, कारण स्वतःला आळशी म्हणवणारा उमेदवार अजून जन्माला यायचा आहे. तो शोधतो ते यंत्राचे नाव, सॉफ्टवेअरचे नाव, प्रक्रियेचे नाव, पदाचे नाव.

एक उदाहरण जरा तपशिलाने देण्यासारखे आहे. शहरात शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात हिशेब पाहणाऱ्या मुलीच्या पानावर अनुभवाच्या जागी 'अकाउंटंट' हा एकच शब्द होता आणि खाली 'ऑल अकाउंटिंग वर्क' अशी ओळ. प्रत्यक्षात ती काय करते, हे विचारल्यावर जे निघाले ते असे : टॅली प्राइमवर खरेदी-विक्रीच्या नोंदी, दर महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ आणि २० तारखेपर्यंत ३-बी ही जीएसटीची विवरणपत्रे भरणे, कापड पुरवणाऱ्यांची बिले २-बीशी, म्हणजे पुरवठादारांच्या विवरणपत्रांवरून तयार होणाऱ्या यादीशी, ताडून पाहणे, म्हणजे कोणाच्या बिलावरचा कर वळता होणार नाही हे आधीच कळते, कर्नाटक आणि तेलंगणात जाणाऱ्या ५० हजार रुपयांपेक्षा अधिक किमतीच्या मालाचे ई-वे बिल काढणे, आणि शाळा सुरू होण्याआधीच्या हंगामात, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, व्यापाऱ्यांच्या उधारीची वसुली सांभाळणे. पुण्यातल्या एखाद्या मध्यम कंपनीला लेखा विभागात कनिष्ठ पदासाठी नेमकी अशीच व्यक्ती हवी असते आणि तिथला शोध टॅली, जीएसटी रिटर्न, रिकन्सिलिएशन (नोंदी ताडून पाहणे), ई-वे बिल याच शब्दांनी होतो. ती सारी कामे रोज करणारी मुलगी त्या यादीत नव्हती, कारण त्यातला एकही शब्द तिच्या पानावर नव्हता. तिने ते सगळे पाच-सहा ओळींत लिहून काढले, हंगामात महिन्याला साधारण किती बिले तिच्या हातून जातात तेही लिहिले आणि नावाखालची ओळ 'अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह, टॅली प्राइम, जीएसटी रिटर्न, गारमेंट उद्योग' अशी केली. यात फुशारकी कुठेच नाही. उलट आधीचे 'ऑल अकाउंटिंग वर्क' हेच अधिक फुगवलेले होते.

नावाखालच्या या ओळीला २२० अक्षरांची मर्यादा आहे आणि 'अबाउट' या भागाला २,६०० अक्षरांची. 'अबाउट'मधल्या पहिल्या दोन-तीन ओळीच आधी दिसतात, बाकी मजकूर उघडावा लागतो, तेव्हा कामाचे ते सुरुवातीला लिहावे. संकेतस्थळ मराठीतून वापरता येते हे खरे, पण आपल्याकडच्या कंपन्यांचा शोध इंग्रजी शब्दांनी चालतो, त्यामुळे पान इंग्रजीत भरणे भाग आहे. इंग्रजी साधे असले तरी चालते. यंत्रांची, प्रणालींची आणि पदांची नावे मात्र उद्योगात चालतात तशीच हवीत. कंपनीने दिलेले पदनाम 'जीईटी' (ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी) किंवा 'ट्रेनी ग्रेड टू' असे बाहेरच्याला न कळणारे असेल तर त्याशेजारी कामाचे रूढ नाव लिहावे.

सोलापूरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मनाला लागते. शहराच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांत यंत्रमाग आहेत. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. त्या घरातला मुलगा वाणिज्य शाखेचा किंवा अभियांत्रिकीचा पदवीधर होतो आणि आपल्या पानावरून माग साफ पुसून टाकतो, जणू त्याचा कधी संबंधच नव्हता. डॉबी आणि जॅकार्ड या नक्षी विणण्याच्या दोन यंत्रणांतला फरक त्याला पाठ असतो, सुताचा काउंट, म्हणजे बारीकपणा, हाताला कळतो, ताण्याच्या सुताचा बीम कधी बदलायचा आणि एका पाळीत किती नग निघाले पाहिजेत याचा हिशेब त्याने सुट्ट्यांमध्ये स्वतः ठेवलेला असतो, निर्यातदाराचा माणूस माल का परत पाठवतो हे त्याने कारखान्यात उभे राहून पाहिलेले असते. चादरी, टॉवेल, पडदे निर्यात करणाऱ्या कंपन्यांना मर्चंडायझिंग (ग्राहकाची ऑर्डर आणि कारखाना यांतला समन्वय), उत्पादन नियोजन आणि गुणवत्ता तपासणी या कामांसाठी असा माणूस शोधून मिळत नाही. घरच्या व्यवसायातले काम 'अनुभव' या सदरात रीतसर, कालावधीसह लिहिता येते. त्यासाठी पगारपत्रक लागत नाही. मुलाखतीत चार प्रश्न विचारले की खरे-खोटे कळतेच.

ठिकाणाचा प्रश्न त्याहून व्यवहारी आहे. पुणे सोलापूरपासून अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे. हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी निघालेला माणूस दुपारच्या आत मुलाखतीला पोहोचतो. पण शोधाच्या रकान्यात पुणे म्हणजे पुणे, आणि सोलापूर लिहिलेला उमेदवार गाळला जातो. यावर काही मुले सरळ 'पुणे' लिहून मोकळी होतात, आणि मग 'उद्या सकाळी दहाला या' असा फोन आला की तारांबळ उडते. त्याची गरज नाही. 'ओपन टू वर्क' या सोयीत आपण कोणत्या पदांसाठी आणि कोणत्या शहरांत काम करायला तयार आहोत हे नोंदवता येते, एकाहून अधिक शहरे देता येतात, आणि भरती अधिकाऱ्याच्या शोधात ती नोंद धरली जाते. राहते गाव सोलापूरच ठेवावे, तयारीच्या गावांत पुणे, चाकण, हैदराबाद जे खरे असेल ते लिहावे, आणि 'अबाउट'मध्ये किती दिवसांत रुजू होऊ शकतो हेही सांगावे. याच सोयीत ही नोंद सर्वांना दाखवायची की फक्त भरती करणाऱ्यांना, असे दोन पर्याय आहेत. छायाचित्राभोवतीची हिरवी कड पहिल्या पर्यायाने येते. नोकरीत असलेल्यांनी दुसरा निवडावा. तरीही आपल्याच कंपनीला ते कधीच कळणार नाही याची पूर्ण हमी संकेतस्थळही देत नाही, आणि सोलापुरात तर मालकाच्या मेहुण्याला कळले की मालकाला कळलेच.

आता ओळखींविषयी. पुष्कळ मुले दिसेल त्याला कनेक्शनची विनंती पाठवतात, तर पुष्कळ केवळ आपल्या वर्गातल्या मित्रांपुरती राहतात. दोन्हींचा उपयोग थोडाच. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये असे मांडले की नवी माहिती जवळच्या मित्रांपेक्षा जुजबी ओळखीच्या माणसांकडून अधिक मिळते, कारण मित्रांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. लिंक्डइनवरच्या २ कोटींहून अधिक सदस्यांवर २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या प्रयोगांचा निष्कर्ष २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. त्यातही नोकरी बदलण्यास सर्वाधिक उपयोगी ठरल्या त्या मध्यम अंतरावरच्या ओळखी, म्हणजे काही सामाईक परिचित आहेत पण रोजचा संबंध नाही अशा. सोलापूरच्या मुलाच्या दृष्टीने ही माणसे कोण? आपल्याच महाविद्यालयातून पाच-सात वर्षे आधी बाहेर पडून आज हिंजवडीत, चाकणला किंवा हैदराबादला असलेले विद्यार्थी. वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी १९८३ पासून आहे, शासकीय तंत्रनिकेतन आहे, विद्यापीठ २००४ पासून आहे. एवढ्या वर्षांचे माजी विद्यार्थी गावोगाव पसरलेले आहेत. संस्थेच्या पानावर 'अलम्नाय' या भागात ते कोणत्या शहरात, कोणत्या कंपनीत, कोणत्या कामावर आहेत हे चाळून पाहता येते. अशा एखाद्याला आपण कोणत्या शाखेचे, कोणत्या वर्षाचे, आणि त्याच्या विभागातल्या कामाविषयी काय विचारायचे आहे, एवढे चार ओळींत लिहून विनंती पाठवली तर ती स्वीकारली जाण्याची शक्यता बरीच वाढते. 'सर, जॉब असेल तर सांगा' या ओळीने कोणाचेच भले झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

ओळखी वाढवण्याचे आणखी एक कारण आहे. कंपन्यांसाठी माणसे शोधून देणाऱ्या छोट्या सल्लागार संस्था भरती करणाऱ्यांची महागडी वर्गणी भरत नाहीत, साध्या खात्यावरच शोध घेतात. अशा खात्याला शोधांची मासिक मर्यादा असते आणि ओळखीच्या साखळीबाहेरच्या माणसांची माहितीही अर्धवट दिसते. ज्याची साखळी वर्गापुरतीच आहे, तो त्यांच्या नजरेला पडत नाही.

इथे विद्यापीठाला एक विनंती आहे. २०१९ मध्ये विद्यापीठाचे नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ असे झाले. विद्यार्थी आपापल्या पानावर कोणी जुने नाव लिहितो, कोणी नवे, कोणी आद्याक्षरे, आणि यादीतून अधिकृत पान न निवडता नुसते टंकलेले नाव संस्थेच्या पानाशी जोडले जात नाही. परिणामी ते विद्यार्थी माजी विद्यार्थ्यांच्या यादीतही येत नाहीत आणि 'या विद्यापीठाचे पदवीधर' असा शोध घेणाऱ्यालाही दिसत नाहीत. गुणपत्रिकेबरोबर एक साधी सूचना दिली तरी हे दुरुस्त होण्यासारखे आहे.

भरती अधिकाऱ्याचा निरोप आला तर उत्तर द्यावे, नकार असला तरी. ओळखीबाहेरच्या माणसाला पाठवायचे 'इनमेल' त्याला महिन्याला ठरावीकच मिळतात आणि समोरच्याने ९० दिवसांच्या आत होय किंवा नाही काहीही कळवले तर खर्ची पडलेला निरोप परत जमा होतो. त्यामुळे 'सध्या जमणार नाही, सहा महिन्यांनी विचार करेन' असे लिहिणारा उमेदवार त्याच्या लक्षात राहतो. आपल्याकडे मात्र निरोप आठवडेच्या आठवडे न उघडता पडलेले असतात.

नोकरी डॉट कॉम या नोकऱ्यांच्या दुसऱ्या संकेतस्थळाबद्दल फार लिहीत नाही. तिथे अपेक्षित पगार, नोटीस पिरियड आणि पान शेवटचे कधी उघडले यांवर चाळणी लागते, म्हणून ते ताजे ठेवणे एवढेच पथ्य. कारखान्यांतल्या आणि लेखा विभागातल्या जागांसाठी ते आजही लिंक्डइनइतकेच कामाचे आहे.

पैसे मागणाऱ्यांविषयी मात्र स्पष्ट लिहिले पाहिजे. सल्लागार संस्थेला तिचे शुल्क कंपनीकडून मिळते. रूढ दर वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याच्या पगाराएवढा. तेव्हा नोंदणी, प्रशिक्षण, लॅपटॉपची अनामत, गणवेश अशा नावाखाली उमेदवाराकडे पैसे मागणारा 'रिक्रूटर' असला तर तो रिक्रूटर नाही, हे समजून चालावे. फसवणूक झालीच तर सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर ताबडतोब कळवावे. पैसे पुढे सरकण्याआधी रोखण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. पानावर मोबाइल क्रमांक, जन्मतारीख, घरचा पत्ता उघड ठेवू नये. निरोप तिथेच येतात, तेवढे पुरते. काही हजार रुपये घेऊन प्रोफाइल 'चमकवून' देणाऱ्यांच्या जाहिरातीही हल्ली दिसतात. त्यांनी लिहिलेले मजकूर आणि कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेले मजकूर इतके एकसारखे असतात की दहावे पान वाचताना पहिलेच पुन्हा वाचतो आहोत असे वाटते. गणवेशाच्या कारखान्यातली ती बिले आणि वसुली त्यांना ठाऊक नसते, आणि नेमके तेच लिहायचे असते.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. विडी वळणाऱ्या महिलांना किंवा मागावर पाळी करणाऱ्या कामगाराला या सगळ्याचा काडीइतका उपयोग नाही, आणि उत्तम प्रोफाइलने एकही नवी जागा निर्माण होत नाही. माझे म्हणणे मर्यादित आहे. ज्या जागा आहेत आणि ज्यांसाठी आपली मुले पात्र आहेत, त्या जागांच्या शोधात ती दिसत नाहीत, आणि हे बिनखर्चाचे सुधारता येते. महाविद्यालयांचे प्लेसमेंट विभाग शेवटच्या सत्रात एखादे व्याख्यान ठेवतात, ज्यात पाहुणे यशाची सूत्रे सांगतात आणि मुले टाळ्या वाजवून घरी जातात. त्याऐवजी तिसऱ्या वर्षी प्रत्येकाने आपल्या प्रकल्पाचे, आंतरवासितेचे किंवा घरच्या कामाचे वर्णन संगणक कक्षात बसून स्वतः लिहावे आणि विषय शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी त्यातली तांत्रिक नावे तपासून द्यावीत. यंत्रशाळेतल्या प्राध्यापकाला 'ग्राइंडिंग' एवढेच लिहिलेले खटकेल आणि तो विचारील की सरफेस की सिलिंड्रिकल. व्याख्यानाला आलेल्या पाहुण्याला ते खटकणार नाही.

शेवटी आपल्याच उद्योजकांकडे वळतो. चिंचोळी आणि अक्कलकोट रस्ता औद्योगिक वसाहतीतली भरती आजही मुख्यतः तोंडी चालते. कोणाचा भाचा, कोणाच्या ओळखीचा, असे विचारून माणूस लागतो आणि मग चांगला माणूस मिळत नाही अशी तक्रार होते. दुसरीकडे आई-वडिलांचे वय झाले म्हणून पुण्याहून परत येऊ पाहणारे, दहा-दहा वर्षे अनुभव असलेले सोलापूरकर 'सोलापूर' हे ठिकाण निवडून जागा शोधतात आणि त्यांना हाती फारसे काही लागत नाही. कंपनीचे पान काढायला पैसे पडत नाहीत, आणि तिथून जागेची साधी जाहिरातही विनाशुल्क टाकता येते. पुढचा देखभाल अभियंता किंवा लेखापाल नेमताना कामाचे स्वरूप, पाळ्या, पगाराची कक्षा आणि कारखान्यापर्यंत बस आहे की नाही एवढे चार ओळींत तिथे लिहावे, आणि अर्ज कोठून कोठून येतात ते एकदा पाहावे. बसचा उल्लेख मुद्दाम केला आहे. चिंचोळीच्या नोकऱ्या नाकारणाऱ्या मुलींनी मला पहिले कारण तेच सांगितलेले आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त मनुष्यबळ अधिकारी
विजापूर रस्ता, सोलापूर